मुद्गलांची जोडी

आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडांत, दाराशेजारीं, पादत्राणांच्या कपाटाला टेकून मुद्गलांची एक जोडी उभी आहे. शिसवी लांकडाची, काळीभोर, मुठीपाशीं हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. एकेक मुद्गल सहा किलोचा. पावसाळ्यांत त्यांच्यावर छत्र्या वाळत पडतात, दिवाळींत आकाशकंदिलाची दोरी त्यांना गुंडाळून ठेवली जाते, आणि एरवीं कामवाली बाई त्यांच्या भोंवतालची फरशी तेवढी पुसून घेते. नवा पाहुणा आला, कीं पायांतले जोडे काढतांना त्याची नजर या जोडीवर जाते. "कुणाची हो ही?" असें तो विचारतो. "आमचीच," मी म्हणतों. तो एकवार जोडीकडे पाहतो, एकवार माझ्याकडे पाहतो, आणि मग आम्ही पावसापाण्याविषयीं बोलूं लागतों.

पाहुण्याच्या त्या दुसऱ्या दृष्टिक्षेपांतला अभिप्राय मला वाचतां येतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका वाचल्या आहेत मीं. माझें वय छप्पन. इंग्रजी वाङ्मय शिकवणें हा व्यवसाय. सकाळीं रक्तदाबाची एक गोळी. डावा गुडघा जिना चढतांना गप्प असतो आणि उतरतांना कुरकुरतो. उजव्या खांद्याची कहाणी थोडी लांबलचक आहे, आणि आज मला तीच सांगावयाची आहे.

जोडी माझ्या वडिलांची. वडील औंध संस्थानांतल्या शाळेंत शिकले. त्या संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांना सूर्यनमस्कारांचा केवढा ध्यास होता, हें जुन्या माणसांना सांगायला नको. ते स्वतः नमस्कार घालीत, त्यांवर पुस्तकें लिहीत, आणि त्यांच्या संस्थानच्या शाळांतून तर नमस्कार हा अंकगणितासारखाच नित्याचा विषय होता. वडिलांनीं ती संवय पंचाहत्तरी उलटेपर्यंत सोडली नाहीं. फक्त संख्या बदलत गेली. शंभरांचे पन्नास झाले, पन्नासांचे पंचवीस, पंचवीसांचे बारा. एकदां मीं थट्टेनें म्हटलें, "अण्णा, कमी केलेत कीं!" ते म्हणाले, "कमी नाहीं केले. बेताचे केले." या दोन शब्दांत कांहीं फरक आहे असें तेव्हां मला वाटलें नाहीं. भाषेचा प्राध्यापक असूनही वाटलें नाहीं!

मी स्वतः लहानपणीं आमच्या गांवच्या तालमींत जात असें. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा तो वास अजून माझ्या नाकांत आहे. अठराव्या वर्षीं मी एका दमांत शंभर जोर आणि दोनशें बैठका काढीत असें. पुढें कॉलेज आलें, मग नोकरी आली, संसार आला, प्रबंध आला. तालमीची जागा ग्रंथालयानें घेतली, आणि ही अदलाबदल मला मुळींच अवनतीची वाटली नाहीं. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतलें पहिलें वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यांत घालवलें, ही गोष्ट मी दरवर्षीं नव्या विद्यार्थ्यांना मोठ्या आवेशानें सांगत असें. सांगतांना मी अर्थातच खुर्चीवर बसलेला असें.

तीन वर्षांपूर्वी गणपतींत पुतण्या आला होता. हल्लींच्या तरुणांसारखा तोही व्यायामशाळेंत जातो. त्याच्या बाह्या दंडांना पुरत नाहींत. जोडीकडे बघून तो म्हणाला, "काका, ही शोभेची आहे का?" प्रश्न साधा होता, पण मला तो साधा वाटला नाहीं. मीं सदरा काढला, छत्र्या खालीं ठेवल्या, आणि बैठकींतली खुर्ची बाजूला सारून जोडी फिरवायला घेतली. पहिले सहा फेरे असे सुरेख गेले, कीं मध्यें पस्तीस वर्षें गेलींच नाहींत असें मला वाटलें. सातव्या फेऱ्याला उजव्या खांद्यांत ओलें फडकें टर्रकन् फाटावें तसें कांहीं झालें. मुद्गल मीं हळूच खालीं ठेवला, "अशी फिरवतात बरें का," असें पुतण्याला सांगितलें, आणि आंत जाऊन पलंगावर आडवा झालों.

खांद्याचा सांधा मोठा विलक्षण आहे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटींत बसलेला चेंडू. खांद्याचा म्हणजे उथळ बशींत ठेवलेला चेंडू. म्हणून तर हात चहूंकडे फिरतो. पण तो चेंडू बशींतून घरंगळूं नये म्हणून चार लहान स्नायू आपल्या कंडरांनीं त्याला सर्व बाजूंनीं आवळून धरतात. त्यांपैकीं वरच्या स्नायूची कंडरा, वय झालें कीं, जुन्या दोरीसारखी विरूं लागते. माझी अर्धवट फाटली होती. ज्यांच्याकडे प्रथम गेलों त्यांनीं सांगितलें, "हात हलवूं नका." मीं ही आज्ञा एखाद्या आदर्श विद्यार्थ्याप्रमाणें पांच महिने पाळली. पांच महिन्यांनीं दुखणें पुष्कळ कमी झालें होतें. पण हातही कमी झाला होता. तो खांद्याच्या वर जाईना. मी फळ्यावर लिहूं लागलों, कीं पहिली ओळच हनुवटीच्या पातळीवर यायची. मागच्या बांकांवरचीं मुलें माना उंच करूं लागलीं. पुढें पुढें मी फळ्यावर लिहिणेंच सोडलें, आणि आपली शिकवण्याची पद्धत बदलली आहे असें सहकाऱ्यांना सांगितलें.

त्या दिवसांत मला मिलोची फार आठवण होई. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत क्रोटन नगरांत होऊन गेलेला हा मल्ल. तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चाले. वासराचा बैल झाला तरी मिलोला तें ओझें जड गेलें नाहीं, अशी आख्यायिका आहे. शेक्सपिअरच्या 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' या नाटकांत त्याचा उल्लेख येतो, आणि वर्गांत तेवढी टीप देऊन मी पुढें जात असें. गोष्टीचा उत्तरार्ध सांगण्याचें माझ्या कधीं मनांत आलें नव्हतें. म्हातारपणीं रानांतून जातांना मिलोला एक अर्धवट चिरलेला ओंडका दिसला. पाचरी तशाच ठोकलेल्या होत्या. जुन्या बळाची आठवण होऊन त्यानें तो हातांनीं फाडायला घेतला. पाचरी गळून पडल्या, चीर मिटली, हात अडकले, आणि रात्रीं लांडग्यांनीं त्याला खाल्लें. सिसेरोनें वार्धक्यावरच्या आपल्या ग्रंथांत त्याची आणखी एक हकीकत दिली आहे. आखाड्यांतले तरुण पाहून वृद्ध मिलोला आपल्या दंडांकडे बघून रडूं आलें. हे आतां मेले, असें तो म्हणाला. सिसेरोला त्याची दया येत नाहीं. मला मात्र आली. ओंडका फाडणारा मिलो आणि रडणारा मिलो या दोन व्यक्ति नव्हेतच. कालच्या मापानें आज मोजणारा माणूस एक तर ओंडक्याला हात घालतो, नाहीं तर रडत बसतो. गणपतींत मीं पहिलें केलें होतें. पुढचे पांच महिने दुसरें करीत होतों.

हें सारें तत्त्वज्ञान मी कदाचित् आणखी दहा वर्षें असेंच करीत राहिलों असतों. पण त्याच हिंवाळ्यांत एके दिवशीं पहाटे आई न्हाणीघरांत पडली. पत्नी माहेरीं गेली होती. आवाज ऐकून मी धांवलों. आई भिंतीला टेकून खालीं बसली होती. तेव्हां तिचें वय ऐंशीच्या घरांत. ती म्हणाली, "घाबरूं नकोस, बाळ. लागलें नाहीं कुठें. नुसतें उठव मला." मीं तिच्या कांखेंत हात घातले. उजव्या हातांत जोर येईना. डाव्यानें ओढूं लागलों तर गुडघा वांकेना. दोनदां ती अर्धवट उठली आणि दोनदां माझ्या हातांतून पुन्हां खालीं घसरली. तिचें वजन किती? फार तर पंचेचाळीस किलो. मला सदरा घालणारीं, घांस भरवणारीं तीं हाडें; तीं मला उचलवेनात.

शेवटीं मी खालीं जाऊन राखणदाराला बोलावून आणलें. विशी-बाविशींतला मुलगा. त्यानें कमरेंत वांकून आईला उभें केलें. पाण्याची कळशी उचलावी तसें. आईनें त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला ती रागावली नाहीं. पलंगावर बसल्यावर थोड्या वेळानें म्हणाली, "तुझा खांदा दुखला का रे?"

त्या प्रश्नानंतर चौथ्या दिवशीं मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या समोर बसलों होतों. बाई कसल्या, माझ्या मुलीच्या वयाची मुलगी! माझी सारी प्रकृति, गोळी, जुने कागद, सर्व तिनें नीट पाहिलें. रक्तदाब आटोक्यांत आहे असें डॉक्टरांकडून लिहून आणावयास सांगितलें. मग म्हणाली, "सर, हाताची घडी घालून या खुर्चीवरून उठा आणि बसा. दहा वेळां." मला हंसूं आलें. दोनशें बैठका काढणारा मी! सहाव्या वेळीं मांड्या थरथरूं लागल्या. आठव्या वेळीं मी खुर्चीवर बसलों नाहीं, पडलों. ती म्हणाली, "छान. मग आपण सहापासून सुरुवात करूं." इतक्या वर्षांत इतके कमी गुण देऊन इतकें गोड बोलणारा परीक्षक मला भेटला नव्हता.

मग तिनें मला जे व्यायाम दिले ते ऐकून तालमींतले माझे सोबती लोटपोट हंसले असते. जोर काढायचे, पण जमिनीवर नव्हेत; भिंतीला हात लावून, उभ्यानें. दुखऱ्या हाताची मूठ भिंतीवर दाबून धरायची. हात हलवायचा नाहीं, फक्त दाबायचा, पांच श्वासांइतका वेळ. रबराचा एक पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोंपर मागें ओढायचें. ओट्याला धरून टांचा उचलायच्या. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. ती घेऊन घरांत चालायचें. एक दिवस हें, एक दिवस विश्रांति. "एवढेंच?" मीं विचारलें. "एवढेंच," ती म्हणाली, "पण सोडायचें नाहीं."

दुखण्याविषयींचा तिचा नियम मला फार आवडला. अजिबात दुखूं नये असा हट्ट धरायचा नाहीं. दहापैकीं दोन-तीन गुणांइतकें दुखलें तर दुखूं द्यावें. मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं खांदा कालच्यापेक्षां अधिक दुखतां कामा नये. दुखला, तर ओझें कमी. न दुखला, तर आहे तेंच चालूं. आणि दोन आठवडे तेंच सोपें जाऊं लागलें, तरच थोडें अधिक. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. स्नायू चार-सहा आठवड्यांत बळावतो, तिला महिनेच्या महिने लागतात. स्नायूच्या उत्साहावर विसंबून चाललें, कीं कंडरा मागें पडते आणि तुटते. संसारांतही असेंच होत असतें. पण तें असो.

दुसरा नियम श्वासाचा. उठतांना श्वास सोडायचा, बसतांना घ्यायचा. कोंडून म्हणून धरायचा नाहीं. १९८५ सालीं कॅनडांतल्या संशोधकांनीं धडधाकट तरुण पहिलवानांच्या धमनींत सुई घालून, ते पायांनीं अवजड वजन रेटत असतांना त्यांचा रक्तदाब मोजला. वरचा आंकडा सरासरीनें ३२० पर्यंत गेला होता! रक्तदाबाच्या माणसानें दम कोंडून जोर कां करूं नये हें मला त्या एका आंकड्यानें पटलें. पण पटणें निराळें आणि आठवणें निराळें. बाईंनीं तोडगा सांगितला, "मोठ्यानें मोजा, म्हणजे श्वास अडकणारच नाहीं." नुसतें एक-दोन-तीन मोजण्याचा मला कंटाळा येई, म्हणून मी पाढे म्हणूं लागलों. बे एके बे, बे दुणे चार. तिसऱ्या दिवशीं आंतून आईचा आवाज आला, "काय रे, या वयांत पाढे विसरलास का?"

मी प्राध्यापक. व्यायाम करतांना वाचल्याशिवाय राहवेना. वाचलें तेव्हां कळलें, कीं मला ज्याची लाज वाटत होती त्या पद्धतीचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धांत शिकागोच्या लष्करी रुग्णालयांत गुडघे निकामी झालेले सैनिक महिनोन्महिने पडून असत. तेथील तरुण डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनीं, विश्रांति देण्याऐवजीं, त्यांना मोजून वजनें उचलायला लावलीं. लहानपणीं संधिवाती तापानें अंथरूण धरल्यावर वजनें उचलून ते स्वतः सावरले होते. त्यांचा पहिला लेख १९४५ सालचा. पुढें १९४८ सालीं त्यांनीं रीत आणखी सोपी केली. माणूस जें वजन कसेंबसें दहा वेळां उचलूं शकतो त्याच्या निम्मे वजन दहा वेळां, मग पाऊणपट दहा वेळां, मग पूर्ण दहा वेळां. माप जगाचें नाहीं, पुतण्याचें नाहीं, अठराव्या वर्षाचें नाहीं. त्या माणसाचें, त्या दिवसाचें. अण्णांच्या भाषेंत सांगायचें तर, बेताचें.

आणखी एक गोष्ट वाचली. १९९० सालीं बोस्टनमध्यें मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धांच्या निवासांतल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. त्यांचें सरासरी वय नव्वद! त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें. हा आंकडा मीं दोनदां वाचला, आणि आंतल्या खोलीकडे पाहिलें.

सारें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. दुसऱ्या महिन्यांत हात डोक्यापर्यंत जाऊं लागला, आणि त्याबरोबर डोकेंही थोडें चढलें. एके दिवशीं एका बाटलीच्या जागीं तीन बाटल्यांची पिशवी घेतली आणि भिंतीऐवजीं ओट्यावर हात टेकून जोर काढले. दुसऱ्या दिवशीं खांद्यानें कान उपटला. दोन आठवडे मागें जावें लागलें. बाई रागावेल असें वाटलें होतें. ती म्हणाली, "सर, सगळे एकदां असें करतात. दुसऱ्यांदां करूं नका म्हणजे झालें." मीं पुन्हां सहापासून सुरुवात केली. टिळकांनीं १८९९ सालीं 'केसरी'ची सूत्रें पुन्हां हातीं घेतांना 'पुनश्च हरिः ॐ' म्हटलें तें किती मोठ्या कार्यासाठीं, आणि मी तेच शब्द म्हणत होतों ते एका पाण्याच्या बाटलीसाठीं! पण शब्द उपयोगी पडले.

आईनें पाढे ऐकत ऐकत कांहीं दिवस काढले. मग एकदां म्हणाली, "मलाही विचार ना तुझ्या त्या बाईला." डॉक्टरांनीं तिची हाडें, हृदय, डोळे तपासून परवानगी दिली. खुर्ची उंच व्हावी म्हणून बसण्याच्या जागीं दोन उशा ठेवल्या. खुर्चीच्या हातांना धरून आई तीन वेळां उठली आणि तीन वेळां बसली. मी शेजारीं उभा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तिनें पेन्सिलीनें तीनाचा आंकडा लिहिला; जुन्या वळणाचा, डौलदार. महिन्यानें तेथें पांच दिसूं लागले, मग आठ. एक उशी गेली. पुढें दुसरीही गेली. मग तिनेंच मागणी केली, "पडल्यावर उठायचें कसें तें शिकवा." मला तो शब्दही नको होता, तिला तो हवा होता. कुशीवर वळायचें, कोंपरावर यायचें, मग हातगुडघ्यांवर, मग खुर्ची धरून एक पाय पुढें. गादीवर, आम्हां दोघांना धरून, किती आठवडे ही तालीम चालली तें मीं मोजलें नाहीं. दिनदर्शिकेंत मात्र आहे.

गेल्या मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं ती पलंगाच्या कडेवरून हळूच घसरली आणि जमिनीवर बसली. लागलें नव्हतें. मी धांवलों, आणि कांखेंत हात घालायला वांकलों. या वेळीं मला तिला उचलतां आलें असतें. इतके महिने मी दुसरें काय करीत होतों? पण ती म्हणाली, "थांब. हात लावूं नकोस. खुर्ची आण." मीं ती जड लांकडी खुर्ची उजव्या हातानें उचलून आणली आणि तिच्यापुढें ठेवली. आई कुशीवर वळली, कोंपरावर आली, थांबली, श्वास घेतला. मग हातगुडघ्यांवर. मग खुर्ची धरून एक पाय पुढें. "बे एके बे," ती पुटपुटत होती. चारएक मिनिटें लागलीं असतील. मी शेजारीं हात पुढें करून उभा होतों, आणि ते हात रिकामेच राहिले. इतक्या आनंदानें मी आजवर कधीं रिकाम्या हातांनीं उभा राहिलों नव्हतों.

वाचक विचारतील, मुद्गलांचें काय झालें? ते आहेत तेथेंच आहेत. मी ते फिरवीत नाहीं, आणि बहुधा फिरवणारही नाहीं; कंडरा जुळते, पण नवी होत नाहीं. मात्र केर काढण्याच्या वेळीं एकेक मुद्गल दोन्ही हातांनीं उचलून मी बाजूला ठेवतों, आणि फरशी पुसून झाली कीं पुन्हां जागेवर नेतों. कामवाली बाईंना प्रथम नवल वाटलें. आतां त्या वाट पाहत उभ्या राहतात.

परवां एक नवे पाहुणे आले. जोडे काढतां काढतां त्यांनीं विचारलें, "कुणाची हो ही?" "आमचीच," मी म्हणालों. त्यांनीं जोडीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें. मी पावसापाण्याकडे वळणार, तोंच आंतून आईचा आवाज आला, "रोज उचलतो तो. बेतानें."